धनुष्कोडीचा तो हललेला फोटो आधी जपा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. वाईच्या घराच्या वाटण्या झाल्या आणि आजोबांची लोखंडी ट्रंक तुमच्याकडे आली. तिच्यात काळ्या पानांचा एक अल्बम निघाला. त्यात काशी, कलकत्ता, रामेश्वर अशा यात्रेचे साठ-सत्तर फोटो आहेत. बिस्किटाच्या डब्यात काचेच्या नऊ निगेटिव्ह आहेत, पोस्टकार्डांची एक जुडी आहे आणि तांबड्या फडक्यात बांधलेले मोडी कागद आहेत. शिवाय भिंतीवरचा पणजीचा फोटो फ्रेमच्या काचेला चिकटला आहे. तुमचा भाऊ म्हणतो की फोटो सोडवून नव्या प्लॅस्टिकच्या अल्बममध्ये विषयवार लावू, हललेले-पुसट असतील ते काढून टाकू, आणि मोडी घरात कुणालाच येत नाही तर ते कागद कृष्णेत सोडू. हे बरोबर आहे का, आणि यातलं काही सरकारी दप्तरखान्यात देता येईल का, असं तुम्ही विचारलंय.

मी तीसेक वर्षं एका सार्वजनिक पुराभिलेखागारात कागद आणि फोटो दुरुस्तीचं काम केलं. त्या अनुभवावरून सांगते: भावाला आजच फोन करा आणि म्हणावं, कशालाही हात लावू नकोस. त्याचा हेतू चांगलाच आहे. पण आमच्या टेबलावर येणाऱ्या घरगुती संग्रहांत वाळवीने आणि पावसाने जितकं नुकसान केलेलं असतं, जवळजवळ तितकंच अशा हौसेच्या आवराआवरीने केलेलं असतं.

तुम्ही मोबाइलवर काढून पाठवलेली अल्बमची सगळी पानं मी एका बैठकीत पाहिली. काशीचे फोटो दोन ठिकाणी आहेत, सुरुवातीला अकरा आणि शेवटी पाच. भाऊ म्हणतो तसं विषयवार लावलं तर हे सोळा फोटो एका पानावर येतील आणि छान दिसतील. पण मधल्या पानांवर पाहा. पहिल्या काशीनंतर कलकत्ता, मग रामेश्वराचे लांबलचक खांबांचे ओवरे, मग एका रेल्वे फलाटावरचा फोटो, मग प्रयागचा संगम, आणि मग पुन्हा काशी. फलाटावरच्या फोटोखाली पांढऱ्या पेन्सिलीने लिहिलंय, "सेतू. वाळू घेतली."

आपल्याकडची जुनी काशी-रामेश्वर यात्रा अशीच असायची. काशीची गंगा रामेश्वराला न्यायची, सेतूची वाळू घेऊन परत फिरायचं, ती प्रयागला सोडायची आणि काशीला येऊन यात्रा पुरी करायची. तुमच्या आजोबांनी ती शास्त्राप्रमाणे, क्रमाने केली. हे त्यांनी कुठेही लिहून ठेवलेलं नाही, ते फक्त अल्बमच्या पानांच्या क्रमात आहे. काशीचे सोळा फोटो एकत्र लावले की त्या क्षणी ही यात्रा पुसली जाईल. एकही फोटो फाटणार नाही, तरी पुसली जाईल.

दप्तरखान्यात आम्हाला पहिल्या दिवशी शिकवतात ते हेच. कागद ज्याच्याकडून आला, ज्या क्रमाने आला, ज्या बांधणीत आला, ती बांधणी मोडायची नाही. नवा क्रम लावायचाच असेल तर तो यादीत लावा, वस्तूंत नको. आणि यादी करण्याआधी प्रत्येक पान जसं आहे तसं अख्खं टिपून घ्या, कोपरे आणि खालची अक्षरं दिसतील असं.

आता तो फलाटाचा फोटो, अल्बममधला बाविसावा. भावाने "हललेला" म्हणून काढायच्या ढिगात टाकलाय असं तुम्ही लिहिलंय. तीन माणसं उभी आहेत, चेहरे पुसट आहेत. मागे स्टेशनची पाटी आहे. मी तो मोठा करून पाहिला. पाटीवर वरची ओळ तमिळ आहे, खालची इंग्रजी. इंग्रजी नावाची शेवटची चार अक्षरं जुळवली की "कोडी" होतं. खाली आजोबांनी "सेतू" लिहिलंयच. हे धनुष्कोडीचं स्टेशन आहे.

1914 मध्ये पांबनचा रेल्वेपूल सुरू झाला आणि गाडी थेट रामेश्वर बेटावर जाऊ लागली. धनुष्कोडीला उतरून बोटीने पलीकडे सिलोनला तलैमन्नारला जाता यायचं. स्टेशन, पोस्ट, धक्का, वस्ती असं चालतंबोलतं गाव होतं ते. 22 आणि 23 डिसेंबर 1964 च्या चक्रीवादळात ते समुद्राने गिळलं. पांबनहून तिकडे निघालेली पॅसेंजर गाडी माणसांसकट वाहून गेली. गाव पुन्हा वसलं नाही. आज तिथे वाळूत भिंतींचे सांगाडे उभे आहेत. तुमच्या आजोबांच्या साध्या बॉक्स कॅमेऱ्याने त्या गावाचं चालू स्टेशन टिपलंय. अख्ख्या अल्बममध्ये बाहेरच्या अभ्यासकाला सर्वांत आधी हवा असेल तो हाच फोटो. भाऊ तो फेकणार होता म्हणून मी त्याला दोष देत नाही. चेहरे ओळखू येत नाहीत म्हणून फोटो वाया गेला, असंच घराघरांत वाटतं. पण परका माणूस तुमच्या फोटोत चेहरा बघत नाही. तो मागची पाटी, दुकान, पूल, बैलगाडीचं चाक, बायकांच्या लुगड्याचा काठ बघतो.

तुमचा पुढचा प्रश्न, हे फोटो कधीचे? आत्या म्हणतात "लढाईच्या आधीचे". त्या बरोबर सांगताहेत, आणि ते सिद्ध करता येतं. फोटोची तारीख काढायला चेहऱ्यांकडे नाही, न हलणाऱ्या गोष्टींकडे पाहायचं असतं.

काशीचा नावेतून काढलेला फोटो घ्या. पंचगंगा घाटावरच्या मशिदीचे दोन उंच मिनार त्यात दिसतात. यात्रेकरू त्यांना माधवरावांचे धरहरे म्हणत. त्यातला एक 1948 मध्ये कोसळला, दुसरा मग धोका नको म्हणून उतरवला. दोन्ही दिसताहेत, म्हणजे फोटो 1948 च्या आधीचा. कलकत्त्याच्या फोटोत हुगळीवर तरंगता पूल आहे आणि त्याच्या मागे लोखंडाचा अर्धवट सांगाडा उभा आहे. नवा हावडा पूल वाहतुकीला खुला झाला फेब्रुवारी 1943 मध्ये, त्याचं बांधकाम 1936 पासून चाललं होतं. म्हणजे आपण सहा-सात वर्षांच्या पट्ट्यात आलो.

आता पोस्टकार्डं. छापील तिकिटावर सहावे जॉर्ज आहेत, म्हणजे 1937 च्या आधीचं कार्ड नाही. आणि काशीहून घरी पाठवलेल्या कार्डावर मजकुराच्या वर मिती आहे, पौष वद्य 5, शके 1860. शकात 78 मिळवले की इसवी सन येतो, पण पौषात जानेवारी उजाडला असेल तर 79 मिळवायचे. शके 1860 च्या पौषातला वद्य पक्ष म्हणजे जानेवारी 1939. दुसरं महायुद्ध सुरू झालं त्याच वर्षीच्या सप्टेंबरात. आत्याबाईंची आठवण पक्की आहे. आणि ही मिती सापडली ती पोस्टकार्डं त्याच ट्रंकेत राहिली म्हणून. पोस्टकार्डं तिकिटं जमवणाऱ्या भाच्याला देणार आहात असं तुम्ही सहज लिहिलंय, तेवढं कृपा करून करू नका. त्याला त्यांचे स्कॅन द्या.

मुंबईच्या फोटोंसाठीही अशाच खुणा आहेत, आणि मराठी घरांत मुंबईचे फोटो असतातच, म्हणून इतरांसाठी सांगून ठेवते. अपोलो बंदरावर ताजमहाल हॉटेल आहे पण गेटवे नाही, तर फोटो 1903 नंतरचा आणि गेटवे उभा राहण्याआधीचा. गेटवेचं उद्घाटन 4 डिसेंबर 1924 ला झालं. तिथे शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा दिसत असेल तर फोटो 1961 किंवा त्यानंतरचा. रस्त्यावर घोड्यांची ट्रॅम असेल तर 1874 नंतरचा, विजेची असेल तर 1907 नंतरचा, आणि कुठलीही ट्रॅम असेल तर 31 मार्च 1964 च्या आधीचा. पोस्टकार्डाच्या बाबतीत मात्र जपून. चित्र जुनं आणि कार्ड नंतर छापलेलं, असं सर्रास होतं. छायाचित्रांच्या पुस्तकांतही हेच. कॅप्टन बिग्ज आणि त्याच्यानंतर डॉ. पिगू यांनी कंपनी सरकारसाठी विजापूर, धारवाड भागातल्या वास्तूंचे फोटो काढले ते 1855 पासूनच्या तीन-चार वर्षांत, आणि ते ग्रंथरूपाने छापून आले 1866 मध्ये. ग्रंथावरचं साल बघून फोटोची तारीख लिहिणारे लोक दहा-दहा वर्षं चुकतात.

आणखी एक ठिकाण तुम्हाला सुचवते, जिथे सहसा कुणी जात नाही. काशीला, प्रयागला, त्र्यंबकेश्वराला तीर्थोपाध्यायांच्या वह्या असतात. गाव आणि आडनाव सांगितलं की ते तुमच्या घराण्याचं पान काढतात. जानेवारी 1939 च्या सुमाराला आजोबांनी काशीत सही केलेली असायची शक्यता बरीच आहे. सोबत कोण कोण होतं तेही तिथे लिहिलेलं असतं. त्या तिघांतला तिसरा माणूस कोण, हे कदाचित तिथेच कळेल.

फोटो आणि कागद एकमेकांपासून तुटले की काय होतं, याचं मी पाहिलेलं सर्वांत हलवून टाकणारं उदाहरण मॉरिशसचं आहे. रत्नागिरी, सावंतवाडी, सातारा या भागांतली माणसं एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून करारावर उसाच्या मळ्यांत मजुरीला गेली. आजही तिथला मराठी समाज त्यांचाच. 1867 च्या कायद्याने करार संपलेल्या मजुरांना फोटो लावलेला परवाना जवळ बाळगणं सक्तीचं झालं. फोटो काढले गेले ते पळून गेलेला माणूस पकडता यावा म्हणून. त्यांतले चेहरे पाहवत नाहीत, कॅमेऱ्याकडे बघणारी घाबरलेली, थकलेली माणसं. ते फोटो आणि नोंदवह्या आज मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटच्या अभिलेखागारात आहेत. नोंदवहीत जहाज, गाव, जात, वय, अंगावरच्या खुणा आणि एक क्रमांक असतो. गावांची नावं इंग्रजी कानांनी ऐकून फ्रेंच वळणाने लिहिलेली, त्यामुळे नावावरून शोध बहुतेक वेळा फसतो. धागा असतो तो फक्त क्रमांकाचा. तिथली मराठी कुटुंबं आपल्या पणजोबाचा चेहरा शोधायला येतात. क्रमांक जुळला तर पणजोबा मिळतो, गाव मिळतं. क्रमांक नसेल तर समोर चेहरा आहे आणि तो कुणाचा हे सांगणारं जगात कुणी नाही. तुमच्या अल्बममधली पांढऱ्या पेन्सिलीची अक्षरं हा तुमच्या घरचा क्रमांक आहे.

आता हाताने करायच्या कामाकडे येते.

ट्रंक उघडायची ती कोरड्या हवेत. तुम्ही श्रावणात काम काढायचं म्हणताय, ते दिवाळीनंतरवर ढकला. पावसाळ्यात फोटोवरचा जिलेटिनचा थर ओल पिऊन फुगतो, मऊ होतो, आणि ज्याला टेकेल त्याला चिकटतो. पणजीचा फोटो काचेला चिकटलाय तो याच कारणाने. कारागिराने फोटो आणि काच यांच्यात जागा सोडली नव्हती, आणि ऐंशी पावसाळे गेले. तो सोडवू नका. पाणी लावून, वाफ देऊन, सुरीने, फ्रिजमध्ये ठेवून, असले जे उपाय लोक सांगतात त्यांतला एकही करू नका. माझ्याकडे एकदा असाच फोटो आला होता, घरच्यांनी कोपऱ्यातून उचलून पाहिला होता. कपाळ आणि कुंकू काचेवर राहिलं होतं, हातात नुसता पांढरा कागद. काच न काढता, फ्रेमची मागची बाजू फक्त उघडून, खिळे आणि जुना पुठ्ठा अलगद बाजूला करा आणि मागे काही लिहिलंय का पाहा. मग काचेतूनच चांगला फोटो काढून घ्या. खिडकीचा उजेड बाजूने, फ्लॅश बंद, आणि समोर काळं कापड धरलं की काचेत तुमचं प्रतिबिंब येत नाही. काच तडकलेली नसेल तर फोटो तिच्यासकट तसाच जपायचा.

अल्बमची काळी पानं ठिसूळ झाली असतील, तरी अल्बम मोडू नका. फोटो कागदी कोपऱ्यांत अडकवलेले दिसताहेत, ही चांगली गोष्ट आहे. त्यामुळे मागची बाजू पाहता येईल. एकेक फोटो हलकेच बाहेर काढून मागचा मजकूर टिपायचा आणि त्याच जागी परत अडकवायचा. काही फोटो डिंकाने डकवलेले असतील, ते ओढायचे नाहीत. दोन पानांच्या मधे आम्लमुक्त पातळ कागद ठेवा. भाऊ म्हणतो तो चिकट पानांचा, वर प्लॅस्टिक ओढायचा अल्बम तर घरात आणूच नका. त्याचा गोंद काही वर्षांत पिवळा पडतो आणि फोटो घट्ट धरून ठेवतो. लॅमिनेशनही नको. फेविकॉल, सेलोटेप काही नको. फाटलेला फोटो दोन तुकड्यांत असेल तर दोन्ही तुकडे एका पाकिटात ठेवा, बस. तुकडे जोडता येतात, सेलोटेपचा डाग मात्र पुरता काढणं आम्हालाही क्वचितच जमतं.

फोटोच्या मागे लिहायचं असेल तर मऊ पेन्सिलीने, कडेला, फोटो सपाट टणक पृष्ठभागावर ठेवून, दाब न देता. बॉलपेनची रेघ पुढून उमटते. 1970 नंतरचे गुळगुळीत, प्लॅस्टिकसारख्या पाठीचे फोटो असतील तर त्यांवर पेन्सिल उठत नाही, तिथे पाकिटावर लिहा. आणि हे रंगीत फोटो त्या जुन्या काळ्या-पांढऱ्यांपेक्षा लवकर जातात, म्हणून स्कॅन त्यांच्यापासून सुरू करा. लोकांना उलटं वाटतं. आजोबांचा 1939 चा फोटो अजून पन्नास वर्षं सहज टिकेल, तुमच्या आईच्या लग्नाचा आत्ताच लालसर झाला असेल.

काचेच्या निगेटिव्ह नऊ आहेत म्हणालात. बिस्किटाच्या डब्यात एकावर एक आडव्या ठेवल्यात, तिथून सुरुवात करा. खालच्या काचेवर वरच्या आठांचं वजन आहे. दोन्ही हातांनी फक्त कडा धरा. उजेडात तिरपी करून पाहिली की एक बाजू चकचकीत आणि एक बाजू मंद दिसेल. मंद बाजूवर चित्र आहे, तिला बोट लागू द्यायचं नाही आणि पुसायचंही नाही. चकचकीत बाजूवरची धूळ मऊ कोरड्या ब्रशने झटका. प्रत्येक काच चारही बाजूंनी आत दुमडणाऱ्या कागदी घडीत ठेवा, घडीवर आधी लिहा आणि मग काच आत घाला. पेटीत आडव्या नाही, लांब कडेवर उभ्या ठेवायच्या, घट्ट नाही आणि सैलही नाही. पेटीवर मोठ्या अक्षरांत "काच" लिहा. घर आवरताना कुणीतरी ती पेटी उचलणारच आहे.

ट्रंकेत फिल्मच्याही काही निगेटिव्ह दिसल्या तर कडेवरचे शब्द वाचा. इंग्रजीत "सेफ्टी" छापलं असेल तर आगीची भीती नाही. पण डबा उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबूस वास आला तर तो माल सडू लागलाय, त्याला बाकीच्यांपासून लगेच वेगळा करा. "नायट्रेट" लिहिलेलं असेल, किंवा काहीच लिहिलेलं नाही आणि फिल्म पिवळी, चिकट झालीय, तर ती बंद डब्यात किंवा उन्हाजवळ ठेवू नका. नायट्रेट फिल्म भयंकर ज्वालाग्राही असते. हवेशीर थंड जागी ठेवून जाणकाराला दाखवा.

ठेवायची जागा सांगते. माळा नको, बाहेरच्या भिंतीला लागून असलेलं कपाट नको, न्हाणीघराची भिंत नको. आतल्या खोलीतलं, मधल्या उंचीचं कपाट उत्तम. डांबरगोळ्या घालू नका. कडुनिंबाची पानं कागदांत ठेवायची आपल्याकडे पद्धत आहे, पण पानांचा चुरा डाग पाडतो. वेखंडाची पुरचुंडी कपाटाच्या कोपऱ्यात ठेवली तर हरकत नाही, कागदांना लागता कामा नये. खरं औषध म्हणजे दर दोन-तीन महिन्यांनी कपाट उघडून बघणं. कसर आणि वाळवी शांतता असेल तिथे वाढते.

स्कॅन करताना दोन्ही बाजू घ्या, कोऱ्या पाठीसकट. सहाशे डीपीआय पुरे. मूळ फाइल टिफमध्ये ठेवा, उजळपणा वगैरे दुरुस्त्या दुसऱ्या प्रतीत करा. प्रती निदान तीन, त्यातली एक दुसऱ्या गावी. हे मी सवयीने सांगत नाही. मेजर रॉबर्ट गिलने अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करण्यात वर्षानुवर्षं घालवली. त्या लंडनला क्रिस्टल पॅलेसमध्ये एकत्र मांडल्या होत्या, आणि डिसेंबर 1866 च्या आगीत बहुतेक सगळ्या जळाल्या. त्याने लेण्यांचे काढलेले फोटो दुसरीकडे होते म्हणून राहिले. स्कॅन झालं की मूळ फेकायचं असं नाही, हेही भावाला सांगून ठेवा.

मोडी कागदांबद्दल लिहिताना मला थोडं थांबावं लागलं, कारण "नदीत सोडू" हे वाक्य मी फार घरांत ऐकलंय. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव पायपीट करून दप्तरं गोळा करत होते तेव्हाही हेच चाललं होतं. कागद रद्दीत जात होते, नदीत जात होते. 1910 मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं ते या तळमळीतून. सरकारी बाजूला पुण्याचं पेशवे दप्तर टिकलं, कारण इनामांचे दावे तपासायला इंग्रजांना ते लागत होतं. तिथे तीस हजारांहून अधिक रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, आहेत. 1930 ते 1934 या काळात गोविंद सखाराम सरदेसाईंनी त्यातून निवडून पंचेचाळीस खंड छापले, तरी तो त्या साठ्याचा लहानसा भाग. सरकारी कामकाजाचे कागद असे कुठे ना कुठे मिळतात. घरचे हिशेब, यात्रेचा खर्च, सोयरिकीची पत्रं, गहाणखतं, हे मात्र फक्त घरातच असतं. तुमचं फडकं रिकामं झालं तर ते दुसरीकडे कुठेही मिळणार नाही.

तुम्ही पाठवलेल्या एका पानाच्या माथ्यावर मला "सबा सबैन मया व अलफ" एवढं लागलं. हे सुहूर सनाचे, म्हणजे मराठेशाहीच्या कागदांत वापरल्या जाणाऱ्या एका जुन्या कालगणनेचे, अंक आहेत, अरबी शब्दांत, एककापासून लिहिलेले. सात, सत्तर, शंभर आणि हजार, म्हणजे 1177. त्यात 599 किंवा 600 मिळवायचे, म्हणजे इसवी सन 1776-77. सवाई माधवराव अजून दोन-तीन वर्षांचे, पेशव्यांचा इंग्रजांशी पुरंदरचा तह झाला त्या सुमाराचं पान तुमच्या ट्रंकेत आहे. पुढे काय लिहिलंय हे मोबाइलच्या फोटोवरून सांगायचं धाडस मी करणार नाही. तो खर्चाचा साधा ताळेबंद असेल. असू दे.

त्या कागदांना पाणी दाखवू नका, ओल्या फडक्याने पुसू नका. बोरूने लिहिलेली शाई काजळाची असते, ती उन्हाने फिकी पडत नाही, पण ती कागदाला धरून असते डिंकाने, आणि डिंक पाण्यात सुटतो. एक ओला हात लागला की ओळ वाहते. गंमत अशी की त्यानंतरच्या इंग्रजी कागदांचं दुखणं उलट आहे. त्यांची लोहयुक्त शाई पाण्याला टिकते, पण वर्षानुवर्षं कागदच खाते. अक्षराच्या जागी अक्षराच्या आकाराची भोकं पडलेली मी पाहिली आहेत. तुमचा हातकागद चांगला आहे, तो अजून लवतो, मोडत नाही. घड्या जबरदस्तीने उलगडू नका. फडकं तांबडं खारव्याचं असेल तर तेही टाकू नका, धुऊ नका. ते दप्तराचा भाग आहे. गाठ ज्या बाजूला होती त्या बाजूने फोटो काढून मग उघडा. वाचायला मोडी जाणणारे लोक आहेत. राज्याचं पुराभिलेख संचालनालय, काही विद्यापीठं आणि संस्था मोडीचे वर्ग घेतात, आणि तुमच्या घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीला तिथे घातलंत तर सहा महिन्यांत ती आपल्या खापरपणजोबांचा हिशेब वाचायला लागेल.

शेवटचा मुद्दा, द्यावं का, कुठे, आणि कसं. द्यावं, पण घाईने नाही, आणि तुकड्यांत तर नाहीच. फोटो एका संस्थेला, मोडी दुसरीला, पोस्टकार्डं भाच्याला असं केलंत तर वर जे जानेवारी 1939 पर्यंत पोचलो ते पुढच्या माणसाला जमणार नाही. एलफिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं मुंबईचं पुराभिलेखागार, पुण्याचं दप्तर, कोल्हापूरचं, दिल्लीचं राष्ट्रीय अभिलेखागार ही मुख्यतः सरकारी कागदांची घरं. काही ठिकाणी खाजगी संग्रहही घेतात. मंडळासारख्या संस्थांचा तर पायाच घरोघरच्या दप्तरांवर आहे. जाण्याआधी पत्र लिहा, सोबत यादी आणि आठ-दहा फोटोंच्या प्रती जोडा. विचारायच्या गोष्टी अशा: संग्रह एकत्र आणि तुमच्या घराण्याच्या नावाने राहील का? काचेच्या निगेटिव्ह ठेवायला त्यांच्याकडे वेगळी सोय आहे का? अभ्यासकांना पाहता येईल का, आणि तुम्हाला स्कॅन मिळतील का? जे ठरेल ते लेखी घ्या, दानपत्रावर आणि प्रत्येक वस्तूच्या यादीवर दोघांच्या सह्या हव्यात. मी एका ठिकाणी पावतीवर नुसतं "जुने फोटो, एक पेटी" लिहिलेलं पाहिलंय. वीस वर्षांनी घरचे आले तेव्हा पेटी होती, आत काय होतं हे सांगता येईना. उत्तरं समाधानकारक नसतील तर अजून काही वर्षं घरीच ठेवा. वर सांगितल्याप्रमाणे ठेवलंत तर तुमच्याकडेही ते सुरक्षित आहे.

आणि त्याच यात्रेचं सरकारी कागदांत आणखी काही आहे का, हे शोधायचं तर माणसाच्या नावाने शोधू नका. सरकारी दप्तर खात्याप्रमाणे आणि सालाप्रमाणे लावलेलं असतं. रेल्वे, बंदर, आरोग्य, यात्रा-मेळे, असं खातं आणि 1938-39 हे साल धरून सूची पाहा. राष्ट्रीय अभिलेखागाराचं "अभिलेख पटल" घरबसल्या चाळता येतं, तिथून सुरुवात करा. स्थळांची नावं इंग्रजांच्या वळणाने लिहिलेली असतात, चार-पाच तऱ्हा करून बघाव्या लागतात.

पण या सगळ्याच्या आधी एक काम आहे. आत्याबाई शहाण्णव वर्षांच्या आहेत आणि पहिल्या काशीच्या पानावरची परकरातली मुलगी त्याच आहेत, असं तुम्ही लिहिलंय. या रविवारी जा. अल्बम सपाट पिशवीत घालून न्या, किंवा मोबाइलवर पानं मोठी करून दाखवा. फोन रेकॉर्डिंगवर टेबलावर ठेवा आणि पान क्रमांक मोठ्याने उच्चारून मग विचारा. "हे कोण?" एवढंच विचारू नका. फोटो कुणी काढला, कॅमेरा कुणाचा होता, काशीत कुणाकडे उतरला होता, दुर्गाघाटावर का ब्रह्मघाटावर, सेतूची वाळू कशात भरून आणली होती, ते विचारा. त्या दमल्या की थांबा. बाविसावा फोटो मात्र पहिल्याच बैठकीत दाखवा, त्या फलाटावर तिसरं कोण उभं आहे ते त्यांनाच माहीत असेल.